आमचा फीडर शेवटी

नवतपा लागला की मी आधी कूलरच्या टपाला दोरी बांधते.
गेल्या साली तो स्टँडवरून सुटून
बोंद्रेंच्या स्कूटीवर जाऊन बसला होता.
मग गच्ची. कुरडयांचं धोतर गुंडाळून खाली,
टाकीच्या झाकणावर दोन विटा.
खेमराज म्हणतो, तीन ठेव.
पुरतात की दोन, मी म्हणते.
"तू खांबावर नाही ना चढली कधी.
हवा काय चीज आहे, तुले नाही मालूम."

मेणबत्त्या मी फ्रीजमध्येच ठेवते.
बाहेर ठेवल्या तर नागपूरच्या मे महिन्यात
पेटवायच्या आधीच माना टाकतात.
टॉर्चमधला एक सेल उलटा घातलेला,
म्हणजे पोरीनं उगाच बटन दाबलं तरी जळत नाही.
काडेपेटी स्टीलच्या डबीत. मोबाइल सगळे चार्जिंगला.
टुल्लू लाईटीशिवाय मुका, म्हणून दुपारीच
बादल्या, गुंड, कुकर,
पुरणाचं मोठं पातेलंसुद्धा काठोकाठ.
ठवकर मास्तरांच्या इन्सुलिनची डबी आमच्याकडे येते,
कोरड्या माठात, माठाभोवती ओलं पोतं.
त्यांच्या घरचा माठ पाझरत नाही म्हणे.

आणि हातमोजे.
रबरी हातमोज्याचं तोंड पिळून आत हवा कोंडायची,
गालाशी धरायचा, बोटाबोटानं दाबायचा.
कुठून सुटली, तर गालाला कळते.
हे पाहणं खरं तर त्याचं काम.
पण त्याचा गाल उन्हानं रापून गेलाय,
त्याला बारीक फुंकर लागत नाही.

आज साडेचारला काटोलकडून आभाळ आलं,
भाजल्या विटेच्या रंगाचं.
आधी धूळ, मग पत्रे, मग कोपऱ्यावरचा कडुनिंब
उभाच्या उभा आडवा.
"गेली!" अख्खी गल्ली एका गळ्यानं.

अन् फोन सुरू.
"वहिनी, भाऊ काय म्हणते? कधी येईन?"
जशी मी लाईट कोयंडा लावून कोठीत ठेवलीय.
बेसा रोडला कोण्या भाऊच्या वाढदिवसाचं फ्लेक्स
तारांत अडकलंय, एवढंच मला ठाऊक.
तेवढंच सगळ्यांना सांगते.

आमचा फीडर नेहमी शेवटी.
"आधी आपल्याकडची लावली तं लोक काय म्हणतीन?"
हा त्याचा नियम, साहेबांचा नाही.
त्यावर आम्ही एकदा दोन दिवस बोललो नव्हतो.

जेवणं अंधारात उरकली.
रात्री मी गच्चीवर उभी.
मेडिकलकडचा उजेड आधी आला,
मग तुकडोजी पुतळा, मग मानेवाडा चौकातला मोठा दिवा.
तो कुठवर आला, ते मला असं दिसतं.
उदयनगर लागलं पावणेअकराला.
त्यानंतर काही नाही.
अकरा. सव्वाअकरा.
फोन लागत नाही.
आणि तेव्हाच आठवलं,
उजवा हातमोजा मी तपासला होता.
डावा हातात घेतला तेव्हा
ठवकरांची सून डबी घेऊन दारात आली होती.

मी खाली आले नाही.
पायाखालचं सिमेंट अजून तापलेलं.
कुणीतरी लांब जनरेटर सुरू केला, कुणीतरी बंद केला.

अकरा चाळीसला स्वयंपाकघरातला झिरो बल्ब लागला.
"आली!"
आता मात्र फोन एकही नाही.

तो दोनला आला. पुरणाच्या पातेल्यातल्या पाण्यानं
अंगणातच अंघोळ केली,
भाकरी आणि आंब्याचं रायतं उभ्यानं खाल्लं,
"झाकण उडालं नाही ना," विचारलं,
अन् पंख्याखाली पडल्या पडल्या झोपला.

मी पिशवीतून डावा हातमोजा काढला.
पिळला, हवा कोंडली, गालाशी धरला.
पंख्याच्या वाऱ्यात काही कळेना,
कुठली फुंकर पंख्याची, कुठली करंगळीतली.
म्हणून उठून पंखा बंद केला.

डोळे न उघडता तो म्हणाला,
"गेली का?"